खटल्याविना कैद : १८१८ चे रेग्युलेशन आणि त्याचे वारस

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी हाती लागत नव्हते. जुलै संपता संपता मुंबई सरकारने पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील तीन माणसे लागोपाठ पकडली. त्यांपैकी बाळ गंगाधर टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे तो चालला. नऊ जणांच्या ज्यूरीतील सहा युरोपीयांनी त्यांना दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष म्हटले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. उरलेले दोघे म्हणजे सरदार नातू बंधू. त्यांच्यावर खटला झालाच नाही. १८२७ चे एक जुने मुंबई रेग्युलेशन धूळ झटकून बाहेर काढले गेले, दोघांना तुरुंगात टाकले गेले आणि त्यांच्या मिळकतीवर टाच आली. १८९९ पर्यंत ते कैदेत होते. त्यांनी काय केले होते, याचा आरोप सरकारने कोणत्याही न्यायालयापुढे कधी मांडला नाही.

टिळकांचा खटला मराठी माणसाला पाठ आहे. नातूंचे प्रकरण मात्र चरित्रग्रंथांतल्या एखाद्या परिच्छेदापुरते उरले. टिळकांचे मोठेपण हे त्याचे एक कारण, पण एकमेव कारण नव्हे. खटला पक्षपाती असला तरी त्याचा कागद मागे राहतो. सरकारला आपला पुरावा उघड करावा लागतो, आरोपीला उत्तर देता येते आणि न्यायाधीशाला आपल्या निकालाची कारणे लिहावी लागतात. स्ट्रॅचींनी राजद्रोहाचा जो ताणलेला अर्थ लावला त्यावर आज सव्वाशे वर्षांनीही टीका करता येते, कारण तो छापलेला आहे. नातू बंधूंच्या कैदेवर टीका करायला हाती काही नाही. विरोधकाला गप्प करण्याच्या सरकारी साधनांत राजद्रोहाचे कलम सर्वांत बदनाम झाले. माझ्या मते मात्र अधिक खोल गेलेले आणि अधिक टिकलेले साधन खटल्याविना कैद हे आहे. स्वतंत्र भारताने ते टाकून दिले नाही, संविधानात बसवले. हे कसे घडले आणि त्याची यंत्रणा कशी चालते, याचा क्रमाने विचार करू.

यंत्रणेचे स्वरूप

कायद्याच्या भाषेत हिला प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात. फौजदारी कायदा माणसाने काय केले ते पाहतो. स्थानबद्धतेचा कायदा तो पुढे काय करील याचा अंदाज बांधतो. या एका फरकातून बाकीचे सगळे आपोआप येते. न घडलेल्या कृत्याचा पुरावा असू शकत नाही, म्हणून पुराव्याच्या जागी अधिकाऱ्याची ‘खात्री’ येते. खात्री ही मनातली गोष्ट असल्याने तिची तपासणी न्यायालयात होऊ शकत नाही असे मानले जाते, म्हणून न्यायालयाच्या जागी सल्लागार मंडळ येते. आणि मंडळापुढे सिद्ध करायचे असे फारसे काही नसल्याने वकील, उलटतपासणी, जाहीर सुनावणी या सगळ्यांना फाटा मिळतो. कायद्याचे नाव बदलते, मुदत कमी-जास्त होते, मंडळावर कोण बसणार ते बदलते. ही साखळी दोनशे वर्षे जशीच्या तशी आहे.

तिची पहिली पक्की मांडणी बंगाल रेग्युलेशन ३ मध्ये दिसते. तारीख ७ एप्रिल १८१८. दुसरा बाजीराव तेव्हा अजून शरण यायचा होता, तो जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला. कंपनी सरकार देशाचे धनी होत होते आणि ज्यांच्यावर खटला चालवणे शक्य नाही किंवा सोयीचे नाही अशा माणसांचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. रेग्युलेशनच्या प्रस्तावनेत हे आडपडदा न ठेवता लिहिले आहे : परराज्यांशी असलेले तह, संस्थानांतील शांतता, राज्याची आतील-बाहेरील सुरक्षितता यांसाठी काही माणसांना बंदीत ठेवणे भाग पडते, आणि न्यायालयीन कारवाईला पुरेसा आधार नसेल किंवा अशी कारवाई इष्ट नसेल तेव्हाही ठेवावे लागते. पुरावा नसताना पकडण्याचा अधिकार आम्हाला हवा, असे सरकारने स्वतःच्या लेखणीने नोंदवले. पुढच्या कोणत्याही सरकारने इतका सरळपणा दाखवला नाही.

याच रेग्युलेशनमध्ये काही दयेच्या तरतुदीही होत्या. राजबंद्याची वागणूक, प्रकृती आणि सोयी यांविषयी वर्षातून दोनदा अहवाल जायचा. त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची व्यवस्था व्हायची. त्याला गव्हर्नर जनरलकडे अर्ज करता यायचा, म्हणजे ज्याने आत टाकले त्याच्याकडेच. मद्रासेत १८१९ मध्ये आणि मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेत असेच रेग्युलेशन आले. नातू बंधूंवर चालवलेले ते हेच.

न्यायालयांनी याकडे कसे पाहिले? १८७० मध्ये अमीर खान नावाच्या व्यापाऱ्याला वहाबी चळवळीशी संबंध असल्याच्या संशयावरून १८१८ च्या रेग्युलेशनखाली पकडले, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे आणून कैदेचे कारण दाखवायला लावण्याचा, अर्ज झाला. मुंबईचे बॅरिस्टर चिझम अँस्टी त्याच्या बाजूने उभे राहिले. मॅग्ना कार्टापासूनचे इंग्लिश स्वातंत्र्य हिंदुस्थानातील प्रजेलाही आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्या. नॉर्मन यांनी तो फेटाळला आणि रेग्युलेशन वैध ठरवले. शंभर वर्षांनी दिल्लीत हाच वाद पुन्हा व्हायचा होता.

मंडाले : दोन वाटा, एक तुरुंग

मे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना पंजाबातून उचलून मंडालेला नेले. खटला नाही, मुदत नाही. नोव्हेंबरमध्ये जसे नेले तसे सोडून दिले. पुढल्या वर्षी टिळकांवर दुसऱ्यांदा राजद्रोहाचा खटला झाला. न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि टिळकही मंडालेलाच पोहोचले.

लजपतराय सहा महिन्यांत सुटले, टिळकांनी सहा वर्षे काढली. वरवर पाहता खटल्याविना कैद अधिक सौम्य वाटेल. पण टिळकांनी ज्यूरीपुढे स्वतःचा बचाव स्वतः केला. ते एकवीस तासांहून अधिक बोलले आणि त्यांचा शब्दन् शब्द देशभर वाचला गेला. लजपतरायांना बोलायला जागाच नव्हती. आरोपच नाही तर बचाव कशाचा करायचा? डिसेंबर १९०८ मध्ये बंगालच्या नऊ पुढाऱ्यांना याच रेग्युलेशनखाली हद्दपार केले. त्यांत बारिसालचे अश्विनीकुमार दत्त आणि ‘संजीवनी’चे संपादक कृष्णकुमार मित्र होते. सरकारने त्या काळात दोन्ही साधने शेजारी शेजारी वापरली. जिथे लेख होता तिथे राजद्रोहाचा खटला, जिथे लेख नव्हता, फक्त वजन होते, तिथे रेग्युलेशन.

१९१९ च्या रौलट कायद्याची कथा सर्वपरिचित आहे. महायुद्धापुरते घेतलेले अधिकार शांततेच्या काळातही चालू ठेवायचे, हा त्याचा गाभा. कायदेमंडळातील निवडून आलेल्या हिंदी सभासदांनी एकमुखाने विरोध केला, तरी तो मंजूर झाला. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा गावोगाव पोहोचली. कायदा प्रत्यक्षात वापरला गेला नाही आणि १९२२ मध्ये रद्द झाला. तरी शांततेच्या काळात खटल्याविना कैद नको, ही राष्ट्रीय चळवळीची भूमिका त्या वर्षी सर्वांत ठळकपणे उभी राहिली. १८९७ च्या अमरावती काँग्रेसने नातू बंधूंच्या प्रकरणावरून जुन्या रेग्युलेशनांचा निषेध केलाच होता.

त्यानंतरचा एक प्रसंग मात्र मराठी वाचकाला अजिबात माहीत नसतो, आणि तो माहीत असायला हवा. ‘चले जाव’ चळवळीत भारत संरक्षण नियम २६ खाली हजारो लोक आत होते. त्यांतल्या मुंबईच्या केशव तळपदे यांचे अपील फेडरल कोर्टापर्यंत गेले. मूळ कायद्याने ‘वाजवी संशय’ असलेल्या माणसांपुरता नियम करण्याची परवानगी दिली होती. नियमाने मात्र सरकारची ‘खात्री’ पुरेशी मानली. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी नियम २६ कायद्याच्या चौकटीबाहेर असल्याचा निर्णय दिला. महायुद्ध ऐन भरात, जपानी सैन्य ब्रह्मदेशात, आणि इंग्रज सरन्यायाधीश इंग्रज सरकारला सांगतो आहे की तुमची सगळी स्थानबद्धता बेकायदेशीर आहे. त्याआधी दीड वर्षांपूर्वी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने अशाच प्रश्नावर सरकारपुढे मान तुकवली होती आणि एकट्या लॉर्ड ॲटकिननी विरोध नोंदवला होता, हे ध्यानात घेतले की ग्वायर यांच्या निकालाचे मोल कळते.

सरकारने काय केले? आठवड्याच्या आत वटहुकूम काढून मूळ कायदाच मागील तारखेपासून बदलला. न्यायालयाने फट दाखवावी आणि सत्तेने ती बुजवावी, हा क्रम पुढे इतक्यांदा दिसतो की तो या विषयाचा नियमच मानावा लागेल.

संविधान सभेतील दोन दिवस

भारताच्या संविधानात खटल्याविना कैद मूलभूत हक्कांच्या भागात आहे. हे वाक्य वाचताना आजही मन थबकते. इंग्लंडने असे अधिकार महायुद्धांच्या काळात घेतले आणि युद्ध सरताच सोडले. आपल्याकडे अनुच्छेद २२ शांततेच्या काळासाठी लिहिला गेला.

त्याची पार्श्वभूमी अशी. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांविषयीच्या अनुच्छेदात आरंभी अमेरिकी धर्तीची ‘यथोचित प्रक्रिया’ होती, म्हणजे कायदा न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाला पाहता आले असते. सांविधानिक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्या. फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि मसुद्यात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली प्रक्रिया’ आली. आता संसदेने जी प्रक्रिया ठरवली ती ठरवली. या बदलावर सभेत आणि बाहेर तीव्र नाराजी होती. तिची भरपाई म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुच्छेद १५-अ मांडला. तोच आजचा २२. त्यांचा युक्तिवाद समजून घेतला पाहिजे. स्थानबद्धतेचे कायदे करण्याचा अधिकार विधिमंडळांना विषयसूचीने दिलेलाच आहे. तो काढता येत नसेल तर निदान त्याला किमान मर्यादा घालू : कारणे कळवणे, निवेदनाची संधी, आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत.

सभेत यावर खरीखुरी झुंज झाली. बक्षी टेकचंद आणि पंडित ठाकूरदास भार्गव यांच्यासारखे कायदेपंडित तुटून पडले. महावीर त्यागींनी तर मसुदा समितीच्या सदस्यांनी आधी स्थानबद्धतेचा तुरुंग भोगलेला असता तर बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार काढले. दुसरी बाजूही हलकी नव्हती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, गांधीजींची हत्या होऊन दीडच वर्ष झाले होते, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. त्या माणसांच्या हेतूंवर मी शंका घेत नाही. पण तात्पुरत्या संकटासाठी त्यांनी कायमची तरतूद केली, आणि ती करताना उद्याची सरकारे आपल्यासारखीच असतील असे गृहीत धरले. डॉ. आंबेडकरांनी मर्यादा म्हणून लिहिलेले शब्द पुढे परवाना म्हणून वाचले गेले.

संविधान लागू होऊन महिना होतो न होतो तोच, २५ फेब्रुवारी १९५० रोजी, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मंजूर झाला. विधेयक मांडताना सरदार पटेलांनी आपण त्यापायी झोपेविना रात्री काढल्याचे सांगितले. मुदत होती १ एप्रिल १९५१ पर्यंत. ती पुन्हा पुन्हा वाढत १९६९ च्या अखेरीपर्यंत गेली.

न्यायालये : कुठे उभी राहिली, कुठे बसली

या कायद्याखाली कैदेत असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ मे १९५० च्या निकालाने बहुमताने कायदा उचलून धरला. अनुच्छेद २१ आणि २२ वेगवेगळे वाचायचे, प्रक्रिया न्याय्य आहे का हे विचारायचे नाही, अशी भूमिका घेतली गेली. न्या. फजल अली यांनी वेगळे मत लिहिले. एका बाबतीत मात्र कोर्ट ठाम राहिले. कायद्याचे कलम १४ म्हणत होते की स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगायची नाहीत. ते कलम रद्द झाले. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांत न्यायालयांनी गाभ्याला हात लावला नाही, कडेकडेने मात्र बरेच काम केले. १९५१ च्या आत्माराम वैद्य प्रकरणात, जे मुंबई राज्यातून आले होते, ठरले की अधिकाऱ्याची खात्री तपासता येणार नाही, पण कळवलेली कारणे उत्तर देण्याजोगी स्पष्ट हवीत. नागपूरच्या हरिकिशन प्रकरणात १९६२ मध्ये, हिंदी जाणणाऱ्या माणसाला इंग्रजीतून कारणे दिली म्हणून आदेश कोसळला. डॉ. राममनोहर लोहियांच्या प्रकरणात न्या. हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळांची मांडणी केली : सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. प्रत्येक भांडण सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका नसतो, हे त्यातून सांगितले गेले आणि लोहिया सुटले. ही मांडणी आजही स्थानबद्धाच्या वकिलाचे पहिले हत्यार आहे.

संविधान सभेचे सदस्य राहिलेले शिब्बनलाल सक्सेना स्वतःच १९५३ मध्ये स्थानबद्ध झाले. अनेक कारणांपैकी एक जरी टिकले नाही तरी सगळा आदेश पडतो, हे तत्त्व त्यांच्या प्रकरणात रुजले. त्याचे काय झाले? १९८४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात कलम ५-अ घातले गेले : एक कारण गेले तरी उरलेल्यांवर आदेश उभा राहतो. १९४३ चा क्रम पुन्हा तसाच.

१९६२ च्या चीन युद्धाच्या आणीबाणीतील एक प्रकरण महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे, अर्थात महाराष्ट्र सरकारने नव्हे. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी मराठीत ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि छापण्यासाठी हस्तलिखित बाहेर पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने नकार दिला. अणूच्या रचनेवरील मराठी पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला कोणता धोका होता, हे सरकारला सांगता आले नाही. उच्च न्यायालयाने परवानगी द्यायला लावली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये तिथेही हरले. न्या. सुब्बा राव यांनी नोंदवले की ज्या बंधनाला कायद्यात आधार नाही ते स्थानबद्धावरही लादता येत नाही.

हे शक्य झाले ते एका बारीक गोष्टीमुळे. १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने न्यायालयाची दारे सरसकट बंद केली नव्हती. संरक्षण कायद्याखाली हक्क हिरावले गेले असतील तरच ती बंद होती, त्या कायद्याबाहेरच्या कृतीविरुद्ध दाद मागता येत होती. १९७५ च्या आदेशात ही अट राहिली नाही. बंद्यांच्या तुरुंगातील वागणुकीचा प्रश्न घेऊन भानुदास गावडे प्रकरण जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा महाराष्ट्र सरकारचीच स्थानबद्धता समोर असूनही उत्तर उलटे मिळाले. वाक्याचा एक अंश गाळला गेला, त्याची एवढी किंमत होती.

आणीबाणी : हाताशी असलेले साधन

२५ जून १९७५ च्या रात्री जे घडले त्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लेखनात ती रात्र आभाळातून पडलेल्या संकटासारखी येते. त्या रात्री अटका करायला नवा कायदा लागला नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे मिसा, १९७१ मध्येच मंजूर झालेला होता. जिल्हाधिकाऱ्यांकडे अधिकार होता, छापील नमुने होते, सवय होती. आणीबाणीने त्यावर दोन गोष्टी चढवल्या. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. आणि मिसात कलम १६-अ आले : कारणे स्थानबद्धाला कळवायची नाहीत, न्यायालयालाही दाखवायची नाहीत. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे कलम १४ फेकून दिले होते ते पंचवीस वर्षांनी नव्या आकड्याने परत आले. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसाखाली ३४,९८८ आणि संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे आत गेली.

महाराष्ट्रात येरवडा आणि नाशिकरोडचे तुरुंग ‘मिसाबंदीं’नी भरले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या व्यासपीठावरून, अध्यक्षा दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांनाही अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या काळात ताठ कणा दाखवला. नागरी स्वातंत्र्यावर चर्चा करण्यासाठी वकिलांनी बोलावलेल्या खाजगी सभेला पोलिसांनी घातलेली बंदी नथवानी प्रकरणात रद्द झाली. मिनू मसानींच्या मासिकावरील सेन्सॉरचे हुकूमही टिकले नाहीत.

हेबियस कॉर्पसचे अर्ज चालू शकतात, असा निर्णय देशातील नऊ उच्च न्यायालयांनी दिला. बदलीचे सावट डोक्यावर असताना त्या न्यायाधीशांनी हे केले. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळे निकाल पुसून टाकले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले होते की पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर दाद मिळेल का. आणीबाणी असेपर्यंत मिळणार नाही, असे उत्तर आले. विरोधी मत एकट्या खन्नांनी लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला.

बहुमतात पुण्यात वाढलेले न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी दुमत नाही. म्हणूनच हा निकाल अधिक बोचतो. स्थानबद्धांना सरकार वाईट वागवणार नाही असा भरवसा त्या निकालपत्रांत पुन्हा पुन्हा येतो. सत्तेवर विसंबून चालत नाही म्हणून तर न्यायालये निर्माण झाली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर निकाल स्पष्ट शब्दांत रद्दबातल केला. तो परिच्छेद लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड त्यांचेच चिरंजीव. एकेचाळीस वर्षे लागली.

तुरुंगातून आलेले राज्यकर्ते

१९७७ मध्ये सत्तेवर आलेले मंत्रिमंडळ बऱ्याच अंशी तुरुंगातून आले होते. इथे तरी साखळी तुटायला हवी होती. मिसा रद्द झाला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरवले. ही मोठी कमाई आहे. पण याच सरकारने फौजदारी प्रक्रिया संहितेत स्थानबद्धतेची कायमची तरतूद घालणारे विधेयकही आणले होते, विरोध झाल्यावर ते मागे घेतले. ऑक्टोबर १९७९ मध्ये, आणीबाणीत स्वतः कैदेत राहिलेल्या चरणसिंगांच्या सरकारने काळाबाजार रोखण्यासाठी स्थानबद्धतेचा वटहुकूम काढला. सप्टेंबर १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने राष्ट्रीय सुरक्षा वटहुकूम आणला आणि वर्ष संपण्याआधी त्याचा कायदा झाला. तो आजही चालू आहे : बारा महिन्यांपर्यंत कैद आणि सल्लागार मंडळापुढे वकिलाचा हक्क नाही. पक्ष कोणताही असो, हे साधन हाती आले की कोणी खाली ठेवत नाही.

या कायद्याची बाजूही ऐकली पाहिजे. साक्षीदार घाबरतात, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, सीमेवर किंवा दंगलीत वाट पाहायला वेळ नसतो. यांतले पहिले दोन मुद्दे खरे आहेत आणि त्यांवरचा उपाय साक्षीदारांना संरक्षण आणि न्यायाधीशांच्या रिक्त जागा भरणे हा आहे. महाराष्ट्रात १९८१ च्या झोपडपट्टीदादा-हातभट्टीवाल्यांविरुद्धच्या कायद्याखाली अमुक गुंडाला ‘एमपीडीए लावला’ अशी बातमी मराठी वृत्तपत्रांत नेहमी असते. त्या आदेशांत बहुधा ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ यांचे बंद दाराआडचे जबाब असतात. उच्च न्यायालय त्यांतले अनेक आदेश रद्द करते, पण तोवर कैदेचे कित्येक महिने उलटलेले असतात. खरी शिक्षा त्या महिन्यांचीच असते. गल्लीतल्या दादासाठी सैल केलेली कसोटी कामगारपुढाऱ्यालाही लागते, कारण कायद्यातले शब्द दोघांना तेच आहेत.

अलीकडे या साधनाचे काम खटल्याच्या कायद्यांकडूनही होऊ लागले आहे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ मध्ये घातलेल्या कलम ४३-ड(५) मुळे, आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन मिळत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ पासून अटका झाल्या. त्यांतील चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना वारले. खटला उभाही राहिला नव्हता. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण निकालाआधी इतकी वर्षे कैद भोगावी लागत असेल तर नातू बंधू आणि आजचा कच्चा कैदी यांतले अंतर फार नाही.

शेवटी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ विषयी. मंडळाच्या मताशिवाय ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणावी, आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, कार्यरत न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली नेमावे, असे ते सांगते. संसदेने ते १९७८ मध्ये मंजूर केले, ३० एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि लागू करण्याची तारीख ठरवणे केंद्र सरकारवर सोडले गेले. स्थानबद्ध खासदार ए. के. रॉय यांनी १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला विनवले की सरकारला ती तारीख जाहीर करायला सांगा. न्यायालयाने असा आदेश देता येणार नाही म्हटले. त्यानंतर सगळ्या प्रमुख पक्षांची सरकारे केंद्रात येऊन गेली. कलम ३ अजून अमलात आलेले नाही. ते अमलात आणायला नवे विधेयक लागत नाही, संसदेचे मतदान लागत नाही. राजपत्रातील एक अधिसूचना पुरते.